कणगीमागची जागा

पालघरच्या कॉलेजातल्या त्या मुलीला मी नाही म्हणणार होते. तिने आधी मेसेज पाठवला, मग फोन केला. इतिहास घेऊन शेवटच्या वर्षाला होती. मोठा इतिहास ज्याने स्वतःच्या अंगावर झेलला आहे अशा एका माणसाची, त्याच्या घरी जाऊन मुलाखत घ्यायची, असा प्रकल्प त्यांना दिला होता. बाकीच्या मुलांनी आपापले आजोबा, शेजारपाजारचे म्हातारे गाठले. हिला कुणीतरी सांगितलं, की तारापूरच्या बाजूला एका वाडीत गोरी म्हातारी राहते, युरोपात ज्यूंचा संहार झाला त्यातून लहानपणी वाचलेली.

ती गोरी म्हातारी म्हणजे माझी सासू.

माझे सासरे तरुणपणी शिक्षणासाठी हॉलंडला गेले होते, तिथून येताना बायको घेऊन आले. आल्यावर आईंनी साडी नेसायला, नारळ खवायला आणि मराठी बोलायला माझ्या आजेसासूकडून शिकून घेतलं. त्यामुळे त्या बोलतात ती आमच्या किनाऱ्यावरची बोली, हाय आणि नाय वाली. पुण्याच्या माझ्या माहेरच्या माणसांना पहिल्यांदा भेटल्या तेव्हा सगळ्यांची तोंडं उघडी राहिली होती. आता त्या सत्त्याऐंशीच्या आहेत. गुडघे गेलेत, कान शाबूत आहेत.

लहानपणाबद्दल त्या बोलत नाहीत. लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं होतं, की तिचे आईवडील जर्मन शिपायांनी नेले ते परत आले नाहीत, ती एका शेतावर लपून राहिली म्हणून वाचली, आणि तिला कधी विचारायचं नाही. मी विचारलं नाही. पण सासरे गेले त्याच्या दुसऱ्या वर्षी नवऱ्याच्या ओळखीचे एक गृहस्थ घरी आले आणि जेवता जेवता त्यांनी विचारलं. आई ताटावरून उठल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या बोलल्या नाहीत. पेज सुद्धा मी चमच्याने भरवायचे तेव्हा दोन घोट जायचे. तेव्हा त्या सत्तरीत होत्या, निभावलं. आता तसं काही झालं तर त्या त्यातून उठणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. म्हणून मी नाही म्हणणार होते. हात दाखवून अवलक्षण कशाला?

पण मी फोनवर शब्द जुळवत असताना आई मागून आल्या आणि त्यांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"काय गो, कुठली तू?" त्यांनी विचारलं. पलीकडून मासवणच्या बाजूच्या कुठल्या तरी पाड्याचं नाव आलं असावं. "जेवतेस ना नीट? बरं. बुधवारी ये. उपाशी येऊ नको, आणि जेवून पण येऊ नको." आणि फोन मला परत देऊन त्या तांदूळ निवडायला बसल्या.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, आईने बोलावलंय ना, मग तू कशाला जीव टांगणीला लावतेस. त्याचं बरं असतं. तो वापीला कामाला आहे, सकाळी जातो, रात्री येतो. मधल्या वेळात जे काही व्हायचं ते माझ्यासमोर व्हायचं. आणि मला काळजी करायला तसं निमित्त लागत नाही. बोईसरच्या कारखान्यांकडे कधी मोठा आवाज झाला आणि खिडकीची तावदानं थरथरली, तर मी आधी गॅस बंद करते, मग आईंना शोधते, मग लेकीला पुण्याला फोन लावते, जिथं तावदानं थरथरायचा काही संबंधच नाही.

तर बुधवारपर्यंत मी झोपले नाही म्हटलं तरी चालेल. मुलीला मी दोनदा फोन करून सूचना दिल्या. आईवडिलांबद्दल थेट विचारायचं नाही. त्या गप्प झाल्या तर लगेच उठायचं. आणि उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाबद्दल मुळीच विचारायचं नाही, कारण तो प्रश्न येणारा जाणारा प्रत्येक जण विचारतो, आणि ते स्वस्तिक दर दिवाळीला आई स्वतः काढतात. ती प्रत्येक सूचनेला "हो काकू" म्हणत होती. तिच्या "हो काकू"नेही मला काळजीच वाटत होती.

बुधवारी सकाळी मी घर झाडून काढलं. कोठीच्या खोलीतही गेले, तांब्यातलं पाणी बदलायला.

ह्या तांब्याचं सांगायला हवं. आमच्या स्वयंपाकघराच्या मागे कोठीची खोली आहे, बिनखिडकीची. तिथं भाताची कणगी आहे, बांबूची, शेणाने सारवलेली, पुरुषभर उंच. आता गावात सगळ्यांकडे पत्र्याच्या कोठ्या आल्या, पण आई कणगी बदलू देत नाहीत. ही कणगी भिंतीला लागून नाही. ती खोलीच्या जवळजवळ मध्ये उभी आहे, आणि तिच्या मागे भिंतीपर्यंत जागा मोकळी ठेवलेली आहे. तिथं काही ठेवायचं नाही, पसारा नाही, मडकी नाहीत, काही नाही. फक्त झाकण घातलेला एक पितळेचा तांब्या, आणि त्यातलं पाणी रोज बदलायचं. आजेसासूच्या वेळेपासून असंच आहे, असं मला सांगितलं गेलं.

मी नवी नवरी होते, मला वाटलं इथं घरचा देव असणार. किंवा पितर. कणगीशी देव असतो हे इकडे आल्यावर शेजारणींकडून ऐकलंच होतं. आईंना विचारलं तर त्या "ऱ्हाऊ दे तसंच" म्हणाल्या, मला ते पुरेसं वाटलं. तेव्हापासून मी त्या तांब्याला हळदकुंकू वाहते, अमावास्येला फूल ठेवते. दसऱ्याला झेंडूची माळ घालते. ते पाणी मी कधी तोंडाला लावलं नाही, बदललं की तुळशीला घालते.

माझी तक्रार होती ती फक्त कणगीच्या जागेबद्दल. माझं लग्न झालं त्या वर्षी, नवं भात यायच्या आधी कणगी रिकामी होती, तेव्हा आईंनी गडी बोलावून ती वीतभर पुढे सरकवून घेतली. आधीच खोली अरुंद. मग लेक झाली त्या वर्षी पुन्हा वीतभर. तेव्हापासून कोठीचं दार पुरतं उघडत नाही, तिरकं होऊन आत शिरावं लागतं आणि दर दोन दिवसांनी माझा गुडघा कणगीच्या कडेला आपटतो. मी नवऱ्यापाशी कितीदा कुरकुर केली. म्हातारपणी माणसाला खोड लागते म्हणून मीच माझी समजूत घालून घेतली होती. तेव्हा त्या म्हाताऱ्या नव्हत्या, हे सोयीस्कर विसरून.

मुलगी अकराच्या सुमाराला आली. उमरोळीला गाडी थांबून राहिली म्हणून उशीर झाला, असं धापा टाकत सांगत आली. बारीक, सावळी, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. चपला दारात काढून, उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाकडे न बघण्याचा इतका प्रयत्न करत आत आली की ती अडखळली. आई हसल्या. मला थोडं हायसं वाटलं.

चहा झाला. मुलीने टेबलावर मोबाईल ठेवून रेकॉर्डिंग चालू केलं, आईंची परवानगी घेऊन. पण मुलाखत घ्यायला लागल्या आई. घरी कोण कोण, आई काय करते, डोंगरावरची शेती पावसावर, मग उन्हाळ्यात काय करता. मुलीची आई दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाते, भिवंडीकडे. "मग तू कोणापाशी ऱ्हायचीस?" आईंनी विचारलं. लहान होते तोवर आईबरोबरच जायचे, मुलगी म्हणाली, मग आश्रमशाळेत ठेवलं. पहिल्या वर्षी फार रडले.

"कोणी सांगितलं होतं काय, की आई येणार हाय परत म्हणून?"

"सांगितलं होतं. पण मला खरं वाटायचं नाही."

आई तिच्याकडे बघत राहिल्या. मी दाराशी उभी होते, हातात पुसायचं फडकं. प्रश्न आता उलटा फिरणार हे मला कळत होतं. मुलीने वहीतलं पान उलटलं, घसा साफ केला, आणि "आजी, तुम्ही लहान असताना..." असं म्हणेपर्यंत बाहेरून भोंगा ऐकू आला.

आमच्याकडे अपघाताची रंगीत तालीम असते. नाटकाची असते तशीच. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्रात काही झालंच तर आसपासच्या गावांनी काय करायचं, ह्याची. दोनेक वर्षांतून एकदा जीप फिरते, भोंग्यावरून सांगतात की घरात जा, दारं खिडक्या लावा, मग गाड्या येतात, शाळेपाशी जमा व्हायचं, सोबत एक पिशवी घ्यायची. पोलीस असतात, जाकीट घातलेले लोक घरोघर येऊन माणसं मोजतात. पोरांना मजा वाटते. आमच्या घरात मात्र त्या दिवशी आई कधीच नसतात. माझा नवरा त्यांना दरवेळी डोळे तपासायला पालघरला घेऊन जातो. तालमी होऊन होऊन आईंचे डोळे इतके तपासून झालेत की डॉक्टरही आता चष्म्याचा नंबर न बघता सांगतो.

ह्या वेळची तालीम शुक्रवारी होती. शुक्रवारची बुधवारी आणली, हे आदल्या संध्याकाळी ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर आलं होतं, असं मला नंतर कळलं. मी त्या संध्याकाळी मुलीला तिसरा फोन करावा की नाही, ह्या विचारात होते.

भोंग्यावरचा माणूस पहिल्यांदा हेच सांगत असणार, की ही तालीम आहे, घाबरू नका. पण वारा समुद्राकडचा होता आणि मधे नारळाची वाडी. आमच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की कोणीही घराबाहेर पडू नये. मग गाडीचे ब्रेक. मग बूट.

"आई, ही तालीम आहे," मी म्हणाले. "नेहमीची. खोटीखोटी."

त्यांनी ऐकलं की नाही मला माहीत नाही. त्या उठल्या होत्या. ज्या बाईला खुर्चीतून उठायला माझा हात लागतो ती एका झटक्यात उठली होती आणि तिने त्या मुलीचं मनगट धरलं होतं. "आवाज नाय," त्या मुलीला म्हणाल्या. ओरडल्या नाहीत, एखाद्या पोराला सांगावं तसं सांगितलं. मग माझ्याकडे वळून, "चपला."

मी त्यांच्या पायांकडे बघितलं.

"तिच्या चपला हायेत दारात. आत घे."

आणि मुलीला ओढत त्या स्वयंपाकघरातून मागे गेल्या. मी त्यांच्या मागे धावले. कोठीच्या अर्धवट दारातून त्या तिरक्या होऊन आत शिरल्या, मुलगी त्यांच्या मागून, आणि दोघी कणगीच्या मागे दिसेनाशा झाल्या. मला माझा तांब्या आठवला, माळ आठवली, आणि त्याच क्षणी सगळं कळलं. देव नव्हता तिथं. कधीच नव्हता.

मी खूप घाबरले, आणि ती भीती तालमीची नव्हती. आई आता तिथून बाहेर येणार नाहीत, ह्याची होती. नवऱ्याला काय सांगू, डॉक्टरला काय सांगू, ह्या परक्या पोरीला काय सांगू. सगळं डोक्यात एकदम चालू होतं, आणि हात मात्र वेगळंच काम करत होते. मी दारातल्या चपला उचलल्या. आईंच्या सुद्धा उचलल्या. त्या पदराखाली धरून आत आणल्या. टेबलावर चहाचे तीन कप होते, त्यातले दोन उचलून मोरीत ठेवले. मुलीचं दप्तर पलंगाखाली सरकवलं. तालीम आहे हे मला ठाऊक होतं. आत्ता लिहितानाही ठाऊक आहे.

दार वाजलं. जाकीट घातलेला एक तरुण माणूस आणि त्याच्यामागे एक पोलीस, दोघेही बाहेरगावचे असावेत, कारण आमचं घर त्यांना माहीत नव्हतं. तरुणाच्या हातात कागद होता.

"नमस्कार ताई. घरात माणसं किती?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं. माझी सासू सत्त्याऐंशीची आहे, आणि पाहुणी आलेली एक विद्यार्थिनी, आणि कृपा करून तो भोंगा बंद करा. हे सगळं जिभेवर होतं.

"मी एकटीच आहे," मी म्हणाले.

"म्हातारं माणूस, आजारी, लहान मूल?"

"कोणी नाही."

त्याने लिहून घेतलं. दारं खिडक्या लावून घ्या म्हणाला, पाणी झाकून ठेवा म्हणाला, आणि पुढच्या घराकडे गेला. पोलिसाने जाता जाता आत एक नजर टाकली, टेबलावरच्या एका कपावर. मी कडी लावली, मागे गेले, आणि कोठीच्या दाराशी उभी राहून हलक्या आवाजात म्हणाले, "गेले."

मग आतून आवाज आला, "तू पण ये. जागा हाय."

मी कणगीच्या मागे शिरले. अंधार होता, भाताच्या कोंड्याचा वास होता. आई जमिनीवर पाय पसरून भिंतीला टेकून बसल्या होत्या, मुलगी त्यांना चिकटून. मी तिच्या पलीकडे बसले. आणि खरंच, जागा होती. तिघी बसूनही माझ्या उजव्या हाताला आणखी दोन माणसं मावतील एवढी मोकळी होती. ती दोन माणसं कोण हे मला कुणी सांगायला नको होतं. एक वापीला होतं आणि एक पुण्याला. माझ्या लग्नाच्या वर्षीची वीत आणि लेक झाली त्या वर्षीची वीत मला त्या अंधारात स्वच्छ दिसत होती, आणि गुडघ्याच्या नावाने मी केलेली सगळी कुरकुरही.

आईंनी चाचपडत तांब्या घेतला, माझी झेंडूची सुकी माळ बाजूला केली, आणि मुलीला पाणी पाजलं. मग स्वतः प्यायल्या. मग तांब्या माझ्याकडे आला. मी पण प्यायले.

"आई, मला वाटलं इथं देव आहे. मी इतकी वर्षं हळदकुंकू वाहत होते."

"बरं केलंस," त्या म्हणाल्या. "देवाच्या मागे कोण हात घालत नाय."

मुलगी हळूच म्हणाली, "आमच्यातही कणगीत देव असतो, आजी. मलाही तसंच वाटलं." तिने काही विचारलं नाही. मी दिलेली एकही सूचना आता लागू नव्हती, आणि तरी तिने काही विचारलं नाही.

बाहेर भोंगा लांब गेला. आई बराच वेळ गप्प होत्या. मला वाटलं, झालं, आता सुरू झालं. मी त्यांचा हात शोधला. हात गरम होता.

"दारात शिपाई आले," त्या म्हणाल्या, "तवा ती शेतकरीण पण असंच बोलली होती. मी एकटीच हाय." मग थांबून, "तू तिच्यापेक्षा बरं बोललीस. तिचा आवाज हलला होता."

आईंनी चाचपडत तांब्यावर झाकण घातलं.

"बटाट्याच्या पोत्यामागे होते मी. आमी दोघी बहिणी होतो. तिथं जागा एकीचीच होती."

एवढंच. मोठी कोण होती, बाहेर कोण राहिली आणि कुणी ठरवलं, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि बाहेर राहिली तिचं काय झालं हे सांगायची गरज नव्हती. मुलीने आपलं डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. आम्ही तशाच बसून राहिलो. तालीम संपली असं भोंग्याने सांगितल्यावरही बसून राहिलो. शेवटी आईच म्हणाल्या, की पोरगी उपाशी हाय, भात टाक.

मी दोघींना हात देऊन उठवलं. आई माझ्या आधी दारातून बाहेर पडल्या. मी त्यांच्याकडे चोरून बघत होते, चालताना, हात धुताना, पाटावर बसताना. त्या जेवल्या. रोजच्यापेक्षा अर्धी पोळी कमी, पण जेवल्या. मुलीला बोंबील चालतात का विचारून दोनदा वाढायला लावलं.

जाताना मुलीने मोबाईल उचलला आणि ओशाळून माझ्याकडे बघितलं. रेकॉर्डिंग तेवढा वेळ चालूच राहिलं होतं, बाहेरच्या खोलीत. "काकू, ह्यात आजींच्या लहानपणाचं काहीच आलं नाही," ती म्हणाली. "फक्त माझ्याच घरच्या गोष्टी आहेत, मग भोंगा आहे, दार वाजल्याचा आवाज आहे, आणि दारातलं तुमचं बोलणं." मग ती म्हणाली की आतलं जे ऐकलं ते ती लिहिणार नाही, आजींनी सांगितल्याशिवाय. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी तिच्या दप्तरात दोन नारळ कोंबले.

तिने आईंना वाकून नमस्कार केला. "आजी, परत येऊ का?"

"ये ना," आई म्हणाल्या. "आई भट्टीवर गेली की सुट्टीत इथंच ऱ्हायला ये."

संध्याकाळी नवरा यायच्या आत मी दिवा लावला आणि तांब्यात नवं पाणी भरलं. हळदकुंकू वाहायचं की नाही, ह्यावर क्षणभर अडले, मग वाहिलं. आई मागे येऊन उभ्या होत्या. दिवसभर ज्याची धास्ती होती ते आता होणार, असं मला अजूनही वाटत होतं. त्या आता गप्प होतील, उद्या उठणार नाहीत.

त्यांनी कणगीवर थापटी मारून बघितली. पोकळ आवाज आला.

"भात यायच्या आत ही थोडी पुढं घ्या," त्या म्हणाल्या. "वीतभर."

मी दाराकडे बघितलं. आधीच ते अर्धं उघडतं.

"आई, दार उघडायचं नाही मग."

"तू बारीक हायस. शिरशील," त्या म्हणाल्या, आणि देवापुढे वात सारायला गेल्या.

रविवारी नवऱ्याने आणि मी मिळून कणगी सरकवली. त्याने कारण विचारलं नाही. आता दार उघडतं ते जेमतेम हात जाईल एवढं, मग पोट आत घेऊन, मान वळवून शिरावं लागतं. गुडघा रोज आपटतो.